खोली तीस किलोमीटर

४ फेब्रुवारी
आलो एकदाचे. भूकंप नोंदणी केंद्र टेकडीवर, भाड्याचं घर खाली बंदराच्या धक्क्याजवळ, तळमजल्यावर. बाबांच्या गुडघ्यांना जिने झेपत नाहीत, म्हणून मीच हट्टाने ते घेतलं. भूकंपांची खोली काढायला रुजू होतेय म्हटल्यावर बाबा म्हणाले, आधी या खोलीत कपाट मावतं का ते काढ. नाही मावलं. बाहेर पॅसेजमध्ये उभं आहे. मी खूश आहे.

९ फेब्रुवारी
काम समजलं. समुद्राखाली एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकतो, धक्के तिथे बसतात. आमची यंत्रं मात्र सगळी जमिनीवर, एकाच बाजूला. धक्का किती लांब झाला ते कळतं. किती खोल, ते नीट कळत नाही. भिंतीला कान लावून पलीकडचा माणूस उभा आहे की बसलेला, हे सांगण्यातला प्रकार. आमचे प्रमुख दरवेळी पत्रकात तीस किलोमीटर ठोकून देतात. सगळे त्यांना तीसकाका म्हणतात. तोंडावर नाही, अर्थात.

१७ फेब्रुवारी
चार छोटे धक्के. यंत्रांनी काढलेल्या लाटेसारख्या रेघांमधून समुद्राच्या पृष्ठभागावरून परतलेले प्रतिध्वनी वेगळे काढले. उत्तर आलं पाच ते पस्तीस. तीसकाका म्हणाले, बंदरवाल्यांना असं सांगितलं तर विचारतील, मग तुम्ही तिथे बसून करता काय? आकडा एकच हवा. त्यांनी पूर्वी एकदा लाट येणार म्हणून अख्खं गाव टेकडीवर चढवलं होतं. काहीच झालं नाही. पुढे वर्षभर लोक त्यांना पाहिलं की विजारी गुडघ्यापर्यंत दुमडायचे.

२६ फेब्रुवारी
अकरा धक्के. तीन वर्षांच्या नोंदी पुन्हा तपासल्या. जुने खरंच तिशीच्या आसपास. मग बावीस. मग सोळा. या आठवड्यातले नऊ-दहा, चूक धरूनही. वर वर येताहेत. तितक्या उथळ जागी भूपट्ट सुटला, तर जमीन जेमतेम हलेल आणि पाणी उचललं जाईल. यंत्रं सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, तुझ्या आधी या जागेवर होता त्यानेही हेच काढलं होतं. कुणाला काही न सांगता तो बायकोमुलांना घेऊन निघून गेला. मला त्याचा संताप आला. मग हेवा.

३ मार्च
बाबांना टेकडीवर राहायला चला म्हटलं. म्हणाले, इथे ओळखी झाल्यात, आता कुठे फरफटवतेस. केंद्रात तीसकाकांनी कागद पुढे केला: आपोआप जाणाऱ्या पत्रकांखाली यापुढे माझं नाव. खोली तीच, तीस. मी सही केली. नोकरी अजून कच्ची आहे. दुसरं कारण नाही.

५ मार्च
सहा किलोमीटर. या वेळी चूक फार तर दोनची. तीसकाकांनी स्वतः पाहिलं. म्हणाले, परवा बैठक बोलावू.

६ मार्च, सकाळ
एकही धक्का नाही. बाबा म्हणाले, बघ.

सव्वादहा
हललं. हळू. टेबलावरचं पेनसुद्धा पडलं नाही. पण तीन मिनिटं— यंत्र म्हणतं मध्यम. मध्यम इतका वेळ हलत नाही. पत्रक गेलंसुद्धा. तीस किलोमीटर, धोका नाही. खाली माझं नाव.

साडेदहा
एकदाच फोन लागला. बाबा खुशीत होते. शेजाऱ्यांना पत्रक वाचून दाखवलं, लेकीचं नाव दाखवलं. घाबरून निघालेले सगळे परत फिरले. पाणी केवढं मागे गेलंय, म्हणाले, माणसं बघायला उतरलीत, मीही जरा— मी ओरडले, बाबा, वर या— लाइन गेली.

पुन्हा लावतेय. लागत नाही.

खिडकीतून दिसतंय. होड्या चिखलात आडव्या. माणसं ठिपक्यांएवढी. तीसकाका भोंग्याचं बटण दाबून उभे आहेत. आवाज येतोय. कुणी पळत नाहीये. काही जण वर बघून हात हलवताहेत.

क्षितिजावर पांढरी रेघ. मघाशी नव्हती.

लागत नाही.

बाई दार अडवून उभ्या आहेत. म्हणतात, पोचणार नाहीस. मला माहीत आहे. पण त्यांना माझ्या नावानं थांबवलं, निदान मी तिथे—