कोरडं घर

सोमवार

पोचले. राहायला घर मिळालं, तेही फुकट आणि कोरं करकरीत. कारखान्याच्या आवाराच्या टोकाला, जरा सखल जागी. दोन खोल्या, पलंग, टेबल, पंखा, विजेची शेगडी, आगीसाठी वाळूची पोती, आणि टेलिफोन, ज्यावर फक्त बाहेरून फोन येतात. खिडकी एकही नाही. छताजवळ जाळीचा झरोका आणि त्याला जोडलेलं हवा सुकवणारं यंत्र. दार पोलादी, आत उघडणारं, कडेनं रबराची पट्टी. ते लावलं की कानांत दडे बसतात.

या घरात तांब्याची तार नाही. भिंतींत आणि फरशीखाली पॉलिथिनच्या नळ्या आहेत, नळ्यांत सोडियम. मुख्य अभियंत्यांना इथे सगळे साहेब म्हणतात. त्यांनी एक तुकडा सुरीनं कापून दाखवला. लोण्यासारखा कापला गेला. आतून चांदीसारखा लखलखीत, आणि बघता बघता काळवंडला. तांब्याहून जाड घ्यावा लागतो, पण हलका आणि पुष्कळ स्वस्त. पाणी लागलं तर मात्र पेटतो. म्हणून घरात पाणी आणायचं नाही, प्यायचंसुद्धा बाहेरच्या ओट्यावर. माझं काम म्हणजे इथे राहायचं, वीज वापरायची आणि नळ्या किती तापतात ते मोजायचं. काम आवडलं.

मंगळवार

अंघोळ पलीकडच्या न्हाणीत. केस पुरते वाळल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. डबा आणणाऱ्या मावशींना याची फार गंमत वाटते. म्हणाल्या, यापेक्षा सासर बरं गं बाई, भांडी घासायला का होईना, पाणी तरी देतात. थर्मासमधला चहा त्यांनी पदराआडून आत सरकवला. मी तो ओट्यावर नेऊन प्यायले. भिंतींत असं आहे तरी काय, असं त्यांनी विचारलं. तारा, मी म्हणाले.

संध्याकाळी दादाचा फोन आला. त्यालाही तेवढंच सांगितलं. धातूचं नाव बाहेर काढायचं नाही असा करार आहे, आणि ऐकलं असतं तर तो पहिल्या गाडीनं मला न्यायला आला असता. म्हणाला, तुला काही विचारणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

गुरुवार

शनिवारी गिऱ्हाईक घर बघायला येणार. साहेबांनी दाराजवळची ‘आग लागल्यास पाणी मारू नये’ ही पाटी काढून नेली. माणसाला दारातच घाबरवायचं का, म्हणाले. बंबवाल्यांना तरी कळवून ठेवू या, असं मी सुचवलं. त्यावर हसून म्हणाले, मॅडम, आग लागणार नाही हे दाखवायलाच तर तुम्हाला इथे ठेवलंय.

शुक्रवार

मागच्या खोलीच्या कोपऱ्यात फरशीच्या सांध्यातून पांढरी साय आली आहे. बोट लावलं. साबणासारखं बुळबुळीत, मग चरचरून भाजलं. म्हणजे खाली कुठेतरी नळी चिरली आहे आणि जमिनीची ओल आत जाते आहे. कान लावला तर बारीक चर्र ऐकू येतं.

साहेबांना सांगितलं. उद्याचा दिवस निभावून न्या, परवा फरशी उकरू, म्हणाले.

शनिवार

गिऱ्हाईक आलं नाही. रस्त्याखालची पाण्याची मोठी नळवाहिनी फुटली आणि सगळं पाणी या सखलात उतरलं. रबरी दारामुळे मला पत्ताच नाही. साहेबांचा फोन आला तेव्हा कळलं. पायरी बुडालीय, पाणी दाराच्या कडीपर्यंत चढलंय. दार उघडू नका, म्हणाले. ते सांगायला नको होतं. दार आत उघडतं. कडी काढली की सगळं पाणी माझ्या अंगावरून फरशीवर.

वीज त्यांनी तोडली. तांब्याची तार वीज गेली की मुकाट पडून राहते. ही राहत नाही.

हवा सुकवणारं यंत्र बंद. माझा श्वासही ओलाच आहे. पलंग दारापासून लांब सरकवला. वाळूची पोती दाराशी लावली.

साहेब म्हणाले, पंप आणायला स्वतः जातो.

रविवार

साहेबांचा पत्ता नाही. प्यायला काही नाही. भिंतीपलीकडे पाणीच पाणी.

रबराच्या खालच्या कडेला ओलसर रेघ. कोरड्या चादरीनं टिपत बसले आहे. चादरी संपत आल्या.

दादाचा फोन. आवाज इतका कसा बसलाय, म्हणाला. सगळं सांगायचं ठरवलं. दादा, ऐक, या भिंतींत, एवढं म्हणाले आणि फोन मेला.

सोमवार

मागच्या खोलीत फरशी फुगली. पिवळा जाळ, पांढरा धूर. वाळू टाकली. विझलं — दबलं. मधलं दार लावलं. त्याच्या फटीतून धूर येतोच आहे. डोळे, घसा सोलून निघाल्यासारखे.

टॉर्च मंद. चर्र आता चारही बाजूंनी.

सोमवारच

झरोक्यातून माणसांचे आवाज. मावशींचं रडणं. कुणीतरी धूर दिसतोय म्हणालं.

दादा आलाय.

हाक मारतोय. घाबरू नकोस, बंबवाले आणलेत, भिऊ नकोस. मी ओरडते, आवाज फुटत नाही. दारावर थापा मारल्या. तो म्हणाला, ऐकलं गं, ऐकलं, लांब हो तिथून. आवाजावरून दाराला चिकटून उभा आहे, कमरेभर पाण्यात. बाकीचे त्याला मागे ओढतायत, हटत नाही.

कागदावर मोठ्या अक्षरांत ‘पाणी नको’ लिहून झरोक्याकडे फेकला. खाली पडला. पुन्हा. पुन्हा खाली.

पंप सुरू झाला. आवारातलं पाणी ओढतायत. शाबास — ओढा. दारावरचा भार उतरेल. थोडा वेळ. फक्त थोडा —

दादा हसल्यासारखा बोलतोय. झालंच म्हणतोय.

त्यांनी बाहेरून झरोक्याची जाळी काढली. उजेड. हवा.

बंबाच्या नळीचं पितळी तोंड आत आलं. नळी फुगतेय. ओढलेलं पाणी ते —

दादा दारापासून हो बाजूला, भिंतीत सोडि