अकरा मिनिटांची लाट

राजापेठ, अमरावती
३ मार्च २०२४

ती. रागिणीताईस,
दामिनीचा सा. न. वि. वि.

तुला फोन केला की तो तुझ्या सासूबाईंना आणि किशोरभाऊजींनाही होतो, तुमच्याकडचा स्पीकर कधी बंदच होत नाही. म्हणून हे पत्र.

ताई, माझा शोधनिबंध स्वीकारला गेला! मी काचेच्या नळीत हिरवं शेवाळ वाढवते, हे तुला माहीत आहे. त्याच्यावरचा दिवा मिनिटभरात हळूहळू मोठा होतो, हळूहळू मंदावतो, पुन्हा मोठा होतो. शेवाळ त्यातला बराच उजेड खातं आणि जरासा लालसर करून परत टाकतं. तो लाल उजेड मी मोजते. तो दिव्याबरोबर वरखाली होणार, हे ठाऊकच होतं. पण त्याच्या खाली आणखी एक संथ लाट सापडली. दर अकरा मिनिटांनी येते, आणि दिव्याच्या तालात ती नाहीच. म्हणजे शेवाळ स्वतःचा ठेका धरतं! माझे गाईड सर म्हणाले, नोव्हेंबरात पीएच.डी. होऊन जाईल, आणि विभागात रिकामी होणारी जागाही तुझीच समज.

बाबांनी गावी, भातकुलीच्या स्टँडवर माझा फ्लेक्स लावला आहे. त्यात मी पोलिसांना हवी असल्यासारखी दिसते.

तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी
दामिनी

अकोला
११ मार्च २०२४

चि. दामिनीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र स्वयंपाकघरात तीनदा वाचलं. सासूबाईंनी विचारलं का शेवाळ कोणत्या कामाचं असते. मी म्हटलं, टाकीतलं जे मी दर रविवारी घासून काढते ना, तेच.

एम.एस्सी.च्या प्रवेशाच्या यादीत आपल्या दोघींची नावं होती. मग आईला लकवा झाला आणि बाबा म्हणाले का एकीला तर घरी राहावंच लागते. मी राहिली. चार वर्षं आईचं केलं, ती गेली, मग माझं लग्न झालं. त्याचं काही वाटलं नाही असं मी कधी म्हटलं नाही. पण तुझं पत्र वाचून वाटलं, वाया नाही गेलं.

एक विचारते, हसू नको. शेवाळाच्या जागी एखादी निर्जीव वस्तू ठेवून कधी मोजलं का? कॉलेजातल्या आपल्या मॅडम म्हणायच्या ना, जे शोधता ते जिथं असूच शकत नाही, तिथंही एकदा पाहा.

जेवणाची हयगय करू नको. आठवण ठेवत जा.

तुझी
ताई

राजापेठ, अमरावती
१४ एप्रिल २०२४

ती. ताईस सा. न.

मी हसले होते. मग एका शनिवारी नळी काढून तिथं लाल प्लास्टिकचा तुकडा ठेवला, उजेडात शेवाळासारखाच लालसर चमकणारा.

ताई, प्लास्टिकनंही दर अकरा मिनिटांनी तोच ठेका धरला.

आठवडाभर शोधलं. शेजारच्या खोलीत एसी आहे. त्याचा कॉम्प्रेसर दर अकरा मिनिटांनी चालू होतो, तेव्हा मजल्यावरचं व्होल्टेज जरासं पडतं आणि माझा दिवा डोळ्याला कळणार नाही इतका मंद होतो. एसी बंद करायला लावला, तर लाट नाहीशी झाली. माझं बिचारं शेवाळ काहीच वेगळं करत नव्हतं.

सरांना सांगितलं. त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, ही प्लास्टिकची गोष्ट तुझ्या-माझ्यातच राहू दे, नोव्हेंबरपर्यंत थांब. निबंध तर छापूनही आला आहे. मी काय करू? तुझ्याशिवाय हे विचारायला मला कोणी नाही.

उत्तराची वाट पाहते.

दामिनी

अकोला
२० एप्रिल २०२४

चि. दामिनीस आशीर्वाद.

चूप राहा. दुसरं काही सांगायचं नाही मले.

त्या लाटेनं कोणाचं पोट दुखून राहिलं? कोणाचं पीक बुडालं? सर म्हणतात थांब, तर थांब. नोकरी लागली का मग पाहिजे तितकं खरं बोल. मी चार वर्षं आईची कूस बदलली, ती काय तू एका प्लास्टिकच्या तुकड्यापायी सगळं घालवावं म्हणून? मी विचारलं तेच चुकलं. माझा प्रश्न मी परत घेते. समज, विचारलाच नाही.

हे पत्र फाडून टाक. तब्येतीला जप.

ताई

राजापेठ, अमरावती
१८ ऑगस्ट २०२४

ती. ताईस सा. न.

चार महिने लिहिलं नाही, कारण तुझं ऐकलं नाही. मे महिन्यात मीच निबंध छापणाऱ्या मासिकाला सगळं कळवलं. निबंध मागे घेतला गेला.

सरांनी विभागात सांगितलं, मुलगी निष्काळजी निघाली. मार्गदर्शन सोडल्याचं त्यांनी लिहून दिलं. प्रयोगशाळेची किल्ली शिपायाच्या हाती द्यायला लावली, आणि माझ्या नळ्या माझ्यासमोर मोरीत ओतल्या. दुसरे कोणी गाईड मला घ्यायला तयार नाहीत. बाबा स्वतः जाऊन फ्लेक्स उतरवून आले. माझ्याशी ते बोलत नाहीत. सध्या इथल्याच एका ट्यूशन क्लासमध्ये बारावीला जीवशास्त्र शिकवते.

मागे घेतल्याची सूचना सोबत पाठवते आहे. तिच्या शेवटी मी एक ओळ घालायला लावली, की ही चूक ज्या प्रश्नामुळे सापडली तो रागिणी रामराव इंगोले यांचा. ते खरं होतं, म्हणून.

रागावलीस तरी चार ओळी लिही.

दामिनी

अकोला
१ सप्टेंबर २०२४

चि. दामिनीस,

तुझ्या भाऊजींनी सूचना वाचली. हसले, म्हणाले, वा, बहिणीले बुडवून नाव छापून आणलं. मी पोळ्या करत राहिली.

तुले राग येईल, पण लिहिते. मी तुह्यावर नाही रागावली. पाकीट उघडलं तं आधी ते छापील पान हाती आलं. त्यावर माह्यं माहेरचं नाव पाहिलं. लग्नानंतर कोणी ते घेतलंच नव्हतं. दोन-तीनदा बोट फिरवलं त्याच्यावर. मले लय आनंद झाला, दामिनी. वाटलं, यादीतल्या दोघींपैकी हुशार मीच होती.

तुहं सगळं गेलं, हे त्याच्यानंतर वाचलं.

दिवाळीले इकडं येऊ नको. तुह्या तोंडाकडं पाहाले मले अजून जमणार नाही.

ताई