पाण्याशी अबोला

ता. ३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भाचीचा पुढचा दात पडल्याचं वाचलं. इकडे माझे केस पडताहेत, त्यांचं मात्र कुणाला कौतुक नाही.

मागच्या महिन्यात डोकं धुतलं तेव्हा मोरीच्या जाळीवर केसांचा असा पुंजका जमला की मी ते मोजायलाच बसलो. मग शांतपणे विचार केला. केस जातात कधी? धुताना. मग धुवायचेच कशाला? त्या दिवसापासून पाण्याशी अबोला धरलाय. अंघोळ गळ्याखालूनच, आणि डोक्याला रोज तेल. काय सांगू ताई, केस कसे गुणी मुलासारखे जागच्या जागी बसलेले असतात! थोडी खाज येते, पण मोरीत एक केस दिसेल तर शपथ.

वाईट एवढंच की उपाय उशिरा सुचला. वाचनालयाच्या बाईंबद्दल तुला लिहिलं होतं ना, ज्यांच्या चष्म्याच्या काड्या दर आठवड्याला सैल होतात? मी चष्म्याचं दुकान बंद करायच्या सुमाराला यायच्या. काड्या आवळून व्हायच्या तरी गप्पा चालूच. आता विचारून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मागच्या खेपेला आल्या त्या पाच मिनिटांत उठल्या आणि पुन्हा फिरकल्याच नाहीत. नव्या नंबरचा चष्मा करून ठेवलाय, तोही पडून आहे. काड्या बसवायला मी पुढे वाकतो, तेव्हा टाळूवरचं विरळ झालेलं त्यांना दिसलं असणार. चाळिशीला टेकलेल्या माणसानं हाव तरी किती धरावी? मी नाद सोडलाय, असं रोज सकाळी स्वतःला बजावतो आणि दुपारभर दाराकडे बघत बसतो.

भाऊजींना नमस्कार. माझ्या डोक्यावर केस राहोत न राहोत, तुझा हात तेवढा राहू दे.

तुझा,
धाकटा

ता. ८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा शिरसाष्टांग नमस्कार मिळाला. त्यातलं शिर परत पाठवत आहे, आधी धुऊन घे.

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. आम्ही दोघं पोट धरून हसलो, आणि मग माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. अरे अतिशहाण्या, चष्मा बसवताना तुझं डोकं कुठे असतं? गिऱ्हाइकाच्या नाकाखाली! इतक्या दिवसांचं तेल, घाम आणि धूळ तू येणाऱ्या-जाणाऱ्याला हुंगायला देतो आहेस. बाई पाच मिनिटं बसल्या यातच त्यांच्या मनात काय आहे ते समजून जा. मी तर उंबऱ्यावरूनच पळाले असते.

आता नीट ऐक. मी पोरांना पोहायला शिकवते. तलावाच्या पाण्यामुळे मला रोज केस धुवावे लागतात, तरी माझी वेणी शाबूत आहे. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलाची आई त्वचेची डॉक्टर आहे, तिला तुझी ओळख न देता विचारलं. ती म्हणाली, धुताना हातात येणारे केस आधीच सुटलेले असतात. धुतलं नाही तर ते तिथेच अडकून बसतात, एवढंच. म्हणजे तू काही वाचवलं नाहीस बाबा, गेलेलेच जपून ठेवलेस. किती वेळा धुवायचं याला सगळ्यांसाठी एक नियम नाही. तुझं डोकं मुळात तेलकट, तू दिवसाआड धू. ज्याचे केस कोरडे आहेत त्याला आठवड्यातून एकदाही पुरतं. पाणी कोमट घे. शाम्पू टाळूला चोळ, पण बोटांनी, नखांनी नव्हे. नंतर टॉवेलनं खसाखसा पुसू नकोस. तेल लावायचंच असेल तर धुण्याआधी थोडा वेळ लाव. विरळ झालेलं यानं भरून येईल असं मात्र ती म्हणाली नाही. फारच वाढलं तर दाखवून घे, म्हणाली.

न धुतलेल्या डोक्यानं उत्तर लिहिलंस, तर येईन आणि लहानपणीसारखी मानगूट धरून धुवीन. माया आहे म्हणून दम देते, हे वेगळं लिहायला नको.

तुझी,
ताई

ता. २० मार्च

ती. ताईस,
धुतलेल्या डोक्यानं शि. सा. न. वि. वि.

पहिल्यांदा फेसच येईना. दुसऱ्यांदा आला. जाळीवर सगळे केस एकदम जमले तेव्हा मोरीतल्या स्टुलावर बसून मी चक्क रडलो. हसू नकोस. पण खाज थांबली आणि डोकं हलकं झालं. टाळूची जागा आहे तशीच आहे, उलट तेल गेल्यानं जास्त उघडी पडली. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे पोस्टमन काचा पुसून घ्यायला आले. त्यांनी दुकानात मोठा श्वास घेतला आणि विचारलं, की मेलेला उंदीर सापडला वाटतं? मी हो म्हणालो.

बाई मात्र आल्या नाहीत. शेवटी काल चष्मा खिशात घातला आणि मीच वाचनालयात गेलो. त्यांना खुर्चीवर बसवलं. काड्या बसवायला वाकायचं, तर आधी दोनदा काचाच पुसत बसलो. मग वाकलो. त्यांनी श्वास रोखला ते मला कळलं, मग सोडला तेही कळलं, आणि त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, त्या दिवशी वासानं डोकं उठलं होतं. पण परक्या माणसाला डोकं धुवा म्हणून सांगायचं कुठल्या नात्यानं? म्हणून येणंच बंद केलं.

मी पुरता कानकोंडा झालो. तोंडातून निघून गेलं, की मला वाटलं टक्कल दिसलं म्हणून आला नाहीत. त्यावर त्या म्हणाल्या, ते तर पहिल्याच दिवशी दिसलं होतं, माझा नंबर काही इतका वाईट नाही.

ताई, पहिल्याच दिवशी! आणि तरीही त्या वर्षभर दर आठवड्याला येत होत्या. एवढं ऐकल्यावर मला कुठून धीर आला कोण जाणे. डोकं धुवा असं हक्कानं सांगता येईल असं नातं जोडायचं का, म्हणून विचारून मोकळा झालो. त्यांनी नवा चष्मा नाकावर नीट बसवला, मला टाळूपासून बुटांपर्यंत निरखून पाहिलं आणि हो म्हणाल्या.

तू आणि भाऊजी लवकर या. तुझा माझ्यावरचा लोभ आता अर्धा त्यांना द्यावा लागेल, तयारी ठेव.

तुझाच,
धाकटा