चाळलेली माती

ता. ४, मंगळवार

वही, रागावू नकोस. तीन आठवडे तुला हात लावला नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही, पण आता लिहिल्यावाचून राहवत नाही.

धाकटी लेक शहरात माती तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. तिने दोन पिशव्या माती मागवली होती. एक रबराच्या बागेतली, एक ओढ्यावरच्या जंगलातली. जंगलाचा तेवढाच तुकडा उरलाय. तोही तोडून रबर लावायचं गावच्या समितीत चाललंय. "बाबा, रबराखाली माती किती बिघडली ते कागदावर दाखवता आलं, तर समिती थांबेल." मी पाठवली. काल तिचा फोन — "दोन्ही मातीत फरकच नाही! असं कसं?"

कसं ते मला ठाऊक आहे.

ता. ५

ही विचारते, "अहो, माझ्या पिठाच्या चाळणीला मातीचा वास कसला?" म्हटलं, उंदीर असेल. "उंदीर माती चाळायला लागले वाटतं!"

लिहूनच टाकतो. जंगलातला वरचा थर काळा, कुजकट, गांडुळांनी वळवळणारा. असली घाण लेकीच्या टेबलावर कशी पाठवायची? चांगला वीतभर खरवडून फेकून दिला. खालची पिवळी माती काढली, मुळं वेचली, चाळली, उन्हात वाळवली. लेकीला डाळ निवडून पाठवावी तशी!

तीस वर्षं बागेत मुकादम होतो. झाडाखाली पान दिसलं की ओरडायचो — "जमीन साफ!" साहेब पाठ थोपटायचे. अंगणच करून टाकलं मी सगळ्या बागेचं.

ता. ६

बागेत कुदळ मारून पाहिली. ठण्ण! मनगटापर्यंत झिणझिण्या. लावणीच्या वेळी इथेच नुसत्या हातांनी खड्डे उकरले होते. आता पाणीसुद्धा मुरत नाही — लाल होऊन ओढ्याला जातं. मग जंगलात गेलो. हात खुपसला. कोपरापर्यंत आत!

हे मी केलं का? एकट्याने नाही. पण झाडू माझ्या हुकमाने फिरत होता.

ता. ७

फोन लावला, ठेवला. लावला, ठेवला. ही म्हणाली, "बटणं झिजतील त्याची. बोला तरी, नाहीतर मला द्या."

सांगून टाकलं. पलीकडे लेक हसली की रडली, कळलं नाही. "बाबा, तुम्ही जंगलच निवडून टाकलंत हो! वरची माती पाठवा. जशी आहे तशी. सोमवारी बैठक आहे."

ता. ८

नवी पिशवी गेली. गांडुळांसकट.

ता. १०, सोमवार

सकाळीच जंगलाच्या तोंडाशी यंत्र येऊन उभं राहिलं. चालक म्हणतो, "आजोबा, सरका. जमीन साफ करायचीय."

मी यंत्रासमोर खुर्ची टाकून बसलोय. ही दुसरी खुर्ची आणायला गेलीये.

पोरी, बैठकीत काय झालं ते लवकर कळव.