ओकाऱ्या सासूबाईंच्या, डोहाळे माझे

नवापूर,
१९ जानेवारी १९६७

तीर्थस्वरूप वत्सलाताईस,

धाकट्या पुष्पलतेचा उभ्या उभ्याच नमस्कार. (सध्या मला वाकवत नाही असं सगळ्यांना दाखवायचं असतं, त्यामुळे पत्रातसुद्धा सवय मोडायला नको.) तुझी कंबर कशी आहे? मुलांचा खोकला गेला का? इकडे मी खुशाल आहे. इतकी खुशाल आहे, की ते लपवता लपवता जीव मेटाकुटीला आलाय.

तुझ्या कानावर बातमी आलीच असेल. इथल्या बाया तुमच्या उमरोळीला टोपल्या घेऊन येतात त्या मासळीच्या आधी बातम्याच विकतात. लग्नाला चार वर्षं झाल्यावर का होईना, आपल्या पुष्पीला दिवस गेले म्हणून तू रडलीही असशील. ताई, डोळे पूस. मला काही दिवसबिवस गेलेले नाहीत. गेलेत ते माझ्या सासूबाईंना.

होय गं बाई, नीट वाच, सासूबाईंनाच! वय चाळीस-एक्केचाळीस, घरात सून आलेली, धाकटा मुलगा मिशा फुटायला टेकलेला, आणि हे असं. तसं पाहिलं तर यात लाजण्यासारखं काय आहे? पण शेजारच्या जमनाकाकींना मागच्या वर्षी याच वयात मुलगा झाला, तेव्हा आमच्या सासूबाईंनी अख्ख्या बाजाराला हसवलं होतं. ‘नातवंडांच्या पाळण्यात हिचाच पोरगा झोपते गो!’ असं म्हणून त्या जमनाकाकींची नक्कल करून दाखवायच्या. जमनाकाकींनी ते मनात ठेवलं. त्या वाट बघत होत्या.

झालं ते असं. महिन्यापूर्वी आम्ही दोघी बोईसरच्या बाजारात बसलो होतो. तारापूरला अणुशक्तीचं काम निघाल्यापासून तिथे परमुलखातली माणसं फार, गिऱ्हाईक चांगलं मिळतं. असाच एक जाडजूड मुकादम आला, बोंबलाची जुडी नाकाशी धरून म्हणाला, “बाई, ताजा है ना?” सासूबाई “एकदम ताजा” म्हणायला तोंड उघडतात न उघडतात तोच त्यांनी त्याच्या चपलांच्या शेजारीच भडाभडा ओकून टाकलं! मुकादम जुडी टाकून पळाला. पलीकडच्या टोपलीमागून जमनाकाकींनी मान वर केली. मी पदराने सासूबाईंचं तोंड पुसतेय तोवर सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं आणि ठणकावून सांगितलं, “माज्या सुनेला दिवस गेलेत गो! तिला मळमळते ते बगून मनाबी झाला!”

मी तेव्हा भजी खात होते.

आम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. दारात बाया जमलेल्या, कोणी चिंच घेऊन, कोणी आवळे घेऊन. त्या गेल्यावर सासूबाईंनी चुलीपाशी माझे हात धरले आणि म्हणाल्या, “पुष्पे, थोडे दिवस सांबाळून घे. जमनीला कळला तर मना समुद्रात उडी टाकावी लागेल.” (त्यांना पोहता उत्तम येतं, पण तेवढ्यात कोण वाद घालणार?) मी हो म्हटलं. तिथेच फसले.

तेव्हापासून आमचा कारभार असा. सकाळी चूल पेटली की सासूबाईंच्या पोटात ढवळतं. त्या खाकरल्या, की मी हातातलं टाकून अंगणात धावायचं आणि खच्चून ‘वाऽऽक’ करायचं, म्हणजे मागच्या केळींत त्यांना सुखाने ओकता येतं. पहिल्या आठवड्यात माझा घसा बसला. त्यात जमनाकाकी पाहणीला आल्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, “आवाज पोटातून येत नाय पोरी, नुसता गळ्यातून येते.” तेवढ्यात केळींमागून सासूबाईंनी एक अशी काही दिली, की झाडावरचे कावळे उडाले. जमनाकाकी म्हणाल्या, “हां, आता कसा!” त्यांना एका कानाने ऐकू येत नाही, आवाज कुठून आला ते कळलं नाही म्हणून निभावलं.

खाण्याचे तर हालच. मला सणसणीत भूक, पण बायांच्या देखत मी पेजेवर. सासूबाईंना मासळीचा वास सहन होत नाही, पण त्यांच्या पानात कालवण. बायांची पाठ वळली की आम्ही पानं बदलतो. शिवाय त्यांना कौलं खायचे डोहाळे लागलेत. पडवीच्या कडेची कौलं त्यांनी कुरतडून कुरतडून संपवत आणली. मामंजी रोज माकडांना शिव्या देतात आणि बायकोकडे बघून कौतुकाने म्हणतात, नातवंडाच्या नुसत्या बातमीनेच हिला बाळसं आलं बघा.

इथवर हसायचं ते हसून घे. आता खरं सांगते. चार वर्षं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी कोपऱ्यात बसायचे. या वर्षी मला मधोमध पाटावर बसवलं, सगळ्यांनी हलक्या हाताने कुंकू लावलं. ताई, मला ते आवडलं. खोटं होतं तरी आवडलं. आणि हे! ह्यांची होडी अजून वाळूला लागली नव्हती, तर किनाऱ्यावरून कोणीतरी ओरडून सांगितलं. हे कमरेएवढ्या पाण्यात उडी टाकून भिजलेले तसेच घरी आले. आता मला हंडा उचलू देत नाहीत, स्वतः विहिरीवर जातात. गावातल्या बाया पदरात तोंड घालून हसतात, पण ह्यांना त्याचं काही नाही. परवा बोईसरला गेले आणि इवलंसं टोपरं घेऊन आले, लाल गोंड्याचं. चार वर्षांत हे मला एक शब्द लावून बोलले नाहीत, म्हणून मला वाटायचं ह्यांना मुलाचं काही विशेष नाही. ते टोपरं स्वतःच्या मुठीवर चढवून हे बघत बसले, तेव्हा मला कळलं. मी ढसाढसा रडले. हे म्हणाले, रड, या दिवसांत बायकांना असं होतंच.

ताई, हे खोटं उघडं पडेल तेव्हा लोक काय हसायचे ते हसू देत. पण ते टोपरं ह्यांच्या हातातून परत कोण घेणार? माझ्याने व्हायचं नाही. काय करू ते कळव. मुलांना पापा.

तुझी,
पुष्पी

ता. क. एक मुख्य गोष्ट राहिली. काल मी सासूबाईंना टोपऱ्याचं सांगितलं. त्या निवडलेले तांदूळच पुन्हा निवडत बसल्या, मग म्हणाल्या, “जा काय होईल ता तुज्या ओटीत घालीन. मी आजीच बरी.” तेव्हा पोट दिसायला लागायच्या आत आम्ही दोघी तुझ्याकडे राहायला येतो. माझं बाळंतपण बहिणीकडे आणि सासूबाई माझ्या सेवेला, असं इथे सांगू. परत येताना मूल माझ्या हातात असेल. टोपलीवाल्या बायांना दिसायला नको म्हणून तुझी मागची खोली रिकामी कर, आणि घराला कौलं जास्तीची घेऊन ठेव.

ता. क. दुसरा. पत्र पेटीत टाकायचं राहिलं ते बरंच झालं. आज सकाळी सासूबाई खाकरल्याच नाहीत. चूल पेटली, कढईत बोंबील पडले, आणि मी जी धावले ती थेट केळींत. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा डोळ्यांपुढे अंधारी आली. मागून सासूबाई आल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, “बस कर गो आता, कोण बगत नाय!” मी मान वर केली. त्यांनी माझं तोंड बघितलं, मग जमिनीकडे बघितलं, आणि बोटांवर माझे दिवस मोजायला लागल्या. तू म्हणशील, तुला दिवस मोजता येत नाहीत का? अगं, सासूबाईंच्या ओकाऱ्या सांभाळता सांभाळता माझ्याकडे बघायला वेळ होता कुणाला? मग आम्ही दोघी केळींत गळ्यात गळा घालून रडलो आणि तशाच ओकलो.

तेव्हा आता दोन खाटा लागतील. गावात जुळं झालं म्हणून सांगायचं ठरलंय. फक्त सासूबाईंचं आषाढाच्या अखेरीला आणि माझं गणपतीला. भावोजी स्टेशनात कामाला आहेत, त्यांनाच विचारून ठेव, एकाच वेळची दुसरी गाडी सव्वा महिना उशिरा आली, तर लोकांना काय सांगतात?