रेडिओ नव्हताच, मामा

प्रिय मामा,

काल तुमचं तेरावं झालं. आज शाळेत रजा टाकलीय आणि गंगाखेडच्या या खोलीत सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या घालतेय. शेवटी कागद ओढला. रडगाणं गायला नाही हं! मला राग आलाय. तुमच्या संजूचा आलाय, भाषणं ठोकणाऱ्या पाहुण्यांचा आलाय, आणि सगळ्यात जास्त तुमचा.

काय काय बोलले लोक! चुडाव्याचे शिस्तीचे स्टेशन मास्तर. निर्व्यसनी. गाडी कितीही लेट झाली तरी आवाज न चढवणारा माणूस. सगळं खरंच. पण तुम्ही बास गिटार वाजवत होता, तेही जॅझ, याबद्दल एक अक्षर नाही! मी ऐकत बसले आणि माझे कान तापत गेले. यांना दोष तरी कसा देऊ? यांना सांगितलं होतं कुणी?

मलाही कुठे सांगितलं होतंत! एका वर्षी दिवाळीचा फराळ घेऊन आले तेव्हा आतल्या खोलीतून जाड, घुमणारा आवाज येत होता. "मामा, हे काय वाजतंय?" "रेडिओ हाय." रेडिओ तर बाहेर ओसरीत मामीच्या उशाशी पडला होता, मुका. मी सरळ आत गेले. पलंगाखाली अर्धवट ढकललेली ती चार तारांची गिटार बघितली, आणि तुमचं तोंड चोरी पकडल्यासारखं झालं.

मग हळूहळू सगळं कळलं. तरुणपणी सिकंदराबादला नोकरीत असताना शेजारच्या क्वार्टरमधले एक साहेब रेल्वेच्या क्लबात बँड वाजवायचे, त्यांनी तुम्हाला शिकवलं. तिथे तुम्ही लोकांसमोर, कोट घालून वाजवायचात! मग बदली होऊन इकडे आलात आणि गिटार पलंगाखाली गेली. का हो? इकडच्या माणसांना काय कान नव्हते?

"मला शिकवा," म्हणाले. तेव्हा माझी चाळिशी उलटून गेलेली.

"बोटं सोलून निघतेत, वर्षे."

"निघू द्या."

निघालीच. फळ्यावर गणित लिहिताना खडू धरवेना. स्टाफरूममध्ये हसले सगळे. "बाई, शिकायचीच तर पेटी शिकायची. हे काय भुंग्यासारखं?" दर रविवारी परभणी, पूर्णा करत चुडाव्याला येत होते मी, आणि हे मला भुंगा सांगायलेत!

आणि तुम्ही काय कमी छळलंत? ती जुनी अवघड चीज आठवते? दर मात्रेला एक सूर, थांबायचं नाही, आणि मध्येच पट्टी बदलते, परत बदलते. पट्टी बदलली की मी हमखास चुकायचे. तुम्ही डोळे मिटून म्हणायचात, "गाडी आल्यावर रुळांचा सांधा बदलायचा नसतो बाई. आधीच बदलून ठिवायचा. पुढच्या पट्टीचा रस्ता आदल्या मात्रेतच धर." ते बोलणं डोक्यात शिरायला एक क्षण लागला. बोटांत उतरायला अख्खा उन्हाळा गेला. ज्या दिवशी पहिल्यांदा न चुकता शेवटाला पोचले, त्या दिवशी तुम्ही "हं" म्हणालात. नुसतं हं! शाबासकी दिली की पगार कापत होते का रेल्वेवाले?

शेवटच्या रविवारी तुम्हाला दरदरून घाम सुटला होता. "उकडायलंय लय," म्हणालात. मीही पंखा वाढवला. छातीत दुखतंय, एवढं तोंडातून निघालं नाही तुमच्या! तेही लपवलंत. तुम्हाला ती सवयच लागली होती.

म्हणून काल मी उठले. भजन संपलं, पानं मांडायची होती. तुमची गिटार आणि तिला जोडायचा लहान स्पीकर घेऊन मांडवात आले. संजू धावत आला. "ताई, हे काय आता? पुण्याहून माझे साहेब आलेत. लोक काय म्हणतील?"

मी वाजवायला लागले. पट्टी बदलायच्या जागी पोचते न पोचते तोच आवाज गेला. बघते तर संजूने पिन उपटून हातात धरलेली! बापाच्या तेराव्याला! मी थांबले नाही. नुसत्या तारांचा तो बारीकसा आवाज, तसाच वाजवत राहिले.

तेवढ्यात मामी उठली. तुमच्या या "घुंघुं"ला जन्मभर नावं ठेवणारी मामी!

"संजू, लाव ते परत. माझ्या घरात म्या ते लगीन झाल्यापून ऐकलंय. आज कुनाला बंद करू देनार न्हाई."

त्याने मान खाली घालून पिन लावली. मी पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. एके ठिकाणी चुकले, सावरलं, शेवटाला पोचले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. तेरावंच ते.

मग तुमच्या हाताखाली काम केलेले सांधेवाले विठ्ठलकाका जवळ आले. "पोरी, हे तर आमी लय ऐकलंय. मास्तरांच्या क्वार्टरातून यायचं. सांजच्याला टेशनाच्या बाकड्यावर बसून आमी दोघं-तिघं ऐकायचो. बरं वाटायचं."

"मग मामांना कधी विचारलं का नाही?"

"मास्तर दडवायलेत म्हनल्यावर कसं इचारावं?"

ऐकलंत का, मामा? तुमचे श्रोते भिंतीपलीकडे बसून होते! तुम्ही आत दबकून वाजवत होता, ते बाहेर दबकून ऐकत होते. कुणाची अब्रू राखली हो तुम्ही सगळ्यांनी मिळून? दार उघडून एक पाऊल बाहेर टाकायचं होतंत. मला विठ्ठलकाकांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं आणि तुमच्याशी कडाकडा भांडावंसं वाटलं.

भांडण संपलेलं नाही. पण शब्द देते. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी वाजवणार आहे. सकाळी रजेच्या फोनवरच हेडसरांना कळवलं, तर म्हणाले, "सिनेमातलं एखादं घ्या ना." नाही म्हणून सांगितलं. माझ्या गुरूचं नाव आधी माईकवर सांगणार, मगच तारेला बोट लावणार. आणि ती दुसरी चीज, सगळ्यांत वेगाची, जी तुम्हालाही कधी पुरती जमली नाही, तीसुद्धा बसवणार. तीही लोकांसमोरच. चुकले तर सगळ्या गंगाखेडादेखत चुकेन.

तुमची भाची,
वर्षा