पुलावरची लढाई सोपी करण्याबाबत

मी, श्रीमती सुजाता देवीदास वैरागडे, वय सहासष्ट, राहणार चौबे कॉलोनी, रायपूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने व डोके ठिकाणावर असताना लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत आहे. डॉक्टरीणबाईंनी आजचा वार विचारला, मी तिथीसुद्धा सांगितली. नोकरीचा सारा काळ नोंदणी कार्यालयात दुसऱ्यांची मृत्युपत्रे नोंदवण्यात गेला, तेव्हा कलमे कशी घालायची ते मला कोणी शिकवू नये. नोंदणीसाठी हिंदी प्रत जोडली आहे. मूळ मात्र मराठीच राहील, कारण यजमानांशी मी जन्मभर मराठीतच भांडले.

कलम १. चौबे कॉलोनीतील घर व बँकेतील ठेव माझा एकुलता मुलगा ऋषिकेश व सून इरावती यांना समसमान. ते तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये सुखी आहेत, हे घर विकले तरी मला वाईट वाटणार नाही. परसातला कढीपत्ता तेवढा नव्या मालकाकडून दर महिन्याला मागून आणावा. बाजारच्याला वास नसतो.

कलम २. माझे दीर गुलाबराव यांनी 'चार दिवसांसाठी' म्हणून नेलेला कूलर आता त्यांना कायदेशीररीत्या देण्यात येत आहे. याच गुलाबरावांनी मला संगणकापुढे बसलेली पाहून म्हटले होते, "वहिनी, काहून डोकं फोडून राहिल्या? पोट्ट्यांचा खेळ आहे तो." कूलर दिला, हे वाक्य माफ केलेले नाही.

कलम ३. पितळी अडकित्ता ऋषिकेश व इरावती दोघांना मिळून. आमच्या घरी भांडणाचा नियम होता: अडकित्ता ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचे, दुसऱ्याने सुपारी संपेपर्यंत ऐकायचे. यजमान सुपारी फार बारीक कातरत. पण त्यामुळे आमचे एकही भांडण अर्धवट राहिले नाही. नव्या जोडप्यांना याची गरज आमच्यापेक्षा जास्त आहे.

कलम ४. आता मुख्य मालमत्ता. 'डोंगरपारा' हा संगणकावरचा खेळ मी व ऋषिकेशने मिळून केला. त्याची गोष्ट, माणसे आणि लढाया माझ्या, संगणकाचे सारे काम त्याचे. हक्क अर्धे अर्धे. चार माणसे जंगल ओलांडून आपल्या पाऱ्याची, म्हणजे वस्तीची, विहीर परत मिळवायला निघतात. लढाई पाळीपाळीने होते: तुमची पाळी असेपर्यंत समोरचा हलत नाही, मग त्याची पाळी. अडकित्त्याचाच नियम, दुसरे काय.

खेळ अवघड आहे, हे मला मान्य आहे. मोठ्या कंपन्या गिऱ्हाईक जाईल म्हणून माणसाला हरू देत नाहीत. आमचे गिऱ्हाईक मुळातच मूठभर, त्यामुळे आम्हाला खरे बोलणे परवडते. भिलाईच्या एका गृहस्थांनी लिहिले होते की तुमच्या खेळाने माझी दिवाळीची सुटी खाल्ली. नंतर त्यांनीच मिठाई पाठवली. हरून, पुन्हा विचार करून जिंकलेले माणसाच्या अंगी लागते, असे माझे मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

वाद आहे तो तिसऱ्या भागातल्या पुलाचा. चौघांतला म्हातारा दयाराम दमून पुलाच्या मधोमध बसतो. दोन्ही काठांवरून शत्रू येतात. औषध द्या, ओढा, त्याच्यासाठी लढा, तो उठत नाही आणि डाव हातचा जातो. एक कंपनी खेळ विकत घ्यायला तयार आहे, पण पूल सोपा करा म्हणते. ऋषिकेशचेही तेच. "आई, लोक पुलावरच सोडून देऊन राहिले. मी कालच टेस्ट केला, दोन मिनटात पार होतो." दोन मिनिटांत होतो, कारण चाचणी घेताना हा शत्रूंची ताकद शून्य करून टाकतो. स्वतः बांधलेल्या पुलावरून आमचे चिरंजीव आजवर एकदाही हिमतीने गेलेले नाहीत.

गेली आहे ती इरावती. नवा रायपुरातून ऑफिस करून आली की माझ्याशेजारी बसून खेळायची, हरायची, चहा करायची, पुन्हा बसायची. पार झाली त्या दिवशी रडली आणि म्हणाली, "मम्मी, इनको मत बताइएगा।" बाळ, मृत्युपत्रात खोटे किंवा अपुरे लिहू नये असा कायदा आहे.

कलम ५. सबब माझा अर्धा हक्क इरावतीकडे विश्वस्त म्हणून राहील. ऋषिकेशने तिच्यासमोर, शत्रूंची ताकद न घटवता, पूल ओलांडला की तो हक्क त्याचा. त्यानंतर त्याने पूल सोपा करावा, खेळ विकावा, काहीही करावे. माझी हरकत नाही.

कलम ६. पुलाचे उत्तर संगणकात ऋषिकेशनेच घातले आहे, तरी येथेही लिहून देते. उरलेल्या तिघांपैकी एकाने आपली पाळी न लढता दयारामच्या शेजारी नुसते बसण्यात घालवायची. मग तो उठतो. उत्तर माहीत असूनही हात ऐकत नाही, दोन्हीकडून शत्रू येताना बसायचे धाडस होत नाही, इरावतीला विचार.

ऋषी, बाबा शेवटी दवाखान्यात होते तेव्हा तू रक्त आणलेस, औषधे आणलीस, मोठ्या डॉक्टरांच्या दारात उभा राहिलास. बाबा दर वेळी म्हणत, "बस ना रे थोडा." तू म्हणायचास, "बस, अभी आया बाबा." तू काही कमी केले नाहीस. हे मी तोंडाने सांगायला गेले की तू विषय बदलतोस, म्हणून पूल बांधला. दवाखान्यात कोणी आपल्यासाठी थांबत नाही. पुलावर थांबतात. तुझी पाळी संपेपर्यंत तिथे कोणीही हलणार नाही, हवा तेवढा वेळ बस.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: सुजाता दे. वैरागडे

साक्षीदार:
१. श्यामकांत हरिभाऊ धोटे, शेजारी
२. डॉ. मंजिरी प्रताप लांजेवार

स्थळ: रायपूर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२३